असरचा वाचनाचा कागद तिसरीच्या वर्गात वर्षभर वापरला, त्याबद्दल

जूनअखेरीला शाळा उघडली तेव्हापासून एप्रिलपर्यंत माझ्या वर्गात वाचन तपासायला मी तीन गोष्टी वापरल्या. एक असरचा वाचनाचा कागद, एक विकतचं आकलनाचं वर्कबुक आणि मोबाईलवरचं गूगलचं वाचनाचं ॲप रीड अलाँग. आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की आकलन तपासायला रेडिमेड काही आहे का, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. आमची शाळा अकोला जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. तिसरीत १७ पोरं, चौथीत १४, दोन्ही वर्ग माझ्याकडे. घरी सगळे वऱ्हाडी बोलतात, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडलं.

असर माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रथम ही संस्था १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली, आणि २००५ पासून त्यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतात, तोच असर अहवाल. त्या सर्व्हेत मुलाच्या हातात जो कागद देतात तो मराठीतही आहे, फुकट मिळतो, प्रिंट काढायची आणि वापरायचा. त्यावर चारच गोष्टी, दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद, सुटे सोपे शब्द आणि अक्षरं. मी झेरॉक्स काढून लॅमिनेशन करून घेतलं, वीस रुपये गेले, वर्षभर टिकलं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवात मधून होते. पोराला आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. जमला, म्हणजे वाक्य वाक्यासारखं वाचलं आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर वर गोष्टीकडे जायचं. नाही जमला तर खाली शब्दांकडे, पाचपैकी चार बरोबर आले की तो शब्द पातळीला, तेही नाही तर अक्षरं. आपल्याकडे कुठलीही चाचणी अक्षरांपासून चढत जाते, त्यामुळे ज्याला येतं ते कंटाळतं आणि ज्याला येत नाही ते पहिल्याच ओळीला रडकुंडीला येतं. इथे एका पोराला पाच मिनिटं पुरतात, पेन्सिल लागत नाही, घड्याळ लावायचं नाही, बाजूला बसवून हळू आवाजात विचारायचं आणि बाकीच्यांना कळतही नाही की कोण कुठे अडकलं. वर्गासमोर उभं करून वाचायला लावण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. दोन दुपारींत माझी तिसरी झाली. जुलैत गोष्ट पातळीला ६, परिच्छेदाला ५, शब्दाला ४ आणि अक्षराला २. शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, स्तरनिश्चितीचा (कोणतं पोरगं कुठल्या पातळीला आहे त्याचा) तक्ता भरायला हे एवढं पुरतं आणि तक्ता खरा असतो, म्हणजे कोणाला कुठल्या गटात बसवायचं ते दुसऱ्या दिवसापासून कळतं. एवढ्या कामासाठी पाचपैकी पाच स्टार, काहीच हातचं न राखता.

पण माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता.

गोष्ट पातळीच्या सहांमध्ये एक पोरगी होती, घडाघडा वाचणारी, परिपाठात बातम्या तीच वाचायची, जोडाक्षरं अडत नाहीत, पूर्णविरामाला थांबते, ऐकायला एकदम गोड. तिने गोष्ट वाचून संपवली आणि मी सहज विचारलं, मग काय झालं गोष्टीत, सांग बरं. तिने कागदाकडे पाहिलं आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागली. म्हटलं वाचू नको, नुसतं सांग. गप्प. कागद उलटा ठेवला तर अजूनच गप्प, डोळ्यात पाणी यायला लागलं म्हणून मी थांबले. त्याच दुपारी शब्द पातळीचं एक पोरगं होतं, परिच्छेदात तिसऱ्याच शब्दाला अडखळून बसलेलं. जाता जाता मी तीच गोष्ट त्याला स्वतः वाचून दाखवली आणि विचारलं तर त्याने सगळी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वऱ्हाडीत सांगितली आणि वर स्वतःच्या मनाने कारणही जोडलं, "त्याले भूक लागली होती मॅडम, मंग त्याचं कायचं मन लागते खेळण्यात." हे वाक्य गोष्टीत कुठेच नव्हतं. माझ्या तक्त्यात मात्र ती पोरगी सगळ्यात वरच्या ओळीत आणि हे पोरगं खालून दुसऱ्या ओळीत.

गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं, की वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, अक्षरं उलगडता येणं गुणिले ती भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य, दुसरी बाजू कितीही मोठी असो. त्या दोन पोरांना बघितल्यावर हे सूत्र मला पुस्तकातलं वाटेनासं झालं. आणि मराठीत हा धोका जरा जास्तच आहे असं माझं ठाम मत आहे, कारण आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झाली की पोरगं कशाचाही उच्चार करू शकतं, सातबाऱ्याचा उतारा दिला तरी खडखडून वाचेल. इंग्रजीत अनोळखी शब्दाला पोरगं अडतं तरी, तिथे बाईला शंका येते. आपल्याकडे वाचन गोड वाहत राहतं आणि आपण समाधानाने पुढच्या पोराकडे वळतो.

यात असरचा दोष नाही, हे स्पष्ट लिहिते. तो कागद पायाभूत वाचन तपासायलाच बनवलाय, लाखो मुलांना घराच्या ओट्यावर बसून स्वयंसेवकाने काही मिनिटांत तपासायचंय, तिथे आकलनाचे लांब प्रश्न कसे बसणार. आणि त्यांना स्वतःला हा फरक चांगला माहितीये, २०१७ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या मुलांना त्यांनी ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचायला देऊन त्यावर प्रश्न विचारले होते, म्हणजे वाचलेल्याचा उपयोग करता येतो का ते बघितलं. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्केच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकले, पाचवीतले ४८.८ टक्के. हे नुसतं वाचता येण्याचे आकडे आहेत. त्यातल्या किती जणांनी गोष्ट परत सांगितली असती हा विचार त्या पोरीनंतर माझ्या डोक्यातून जात नाही.

तर मग वर्कबुक. एका खासगी प्रकाशनाचं, नाव मुद्दाम लिहीत नाही, १४० रुपयाला एक, मी पदरचे पैसे घालून तीन घेतले आणि गटात फिरवले. कव्हरवर मोठ्या अक्षरात आकलन कौशल्य लिहिलंय. आत उतारा, खाली पाच प्रश्न, मग रिकाम्या जागा, मग जोड्या लावा. पोरांना छान मार्क पडले, त्या पोरीला दहापैकी नऊ. मला पटेना म्हणून मी एक दिवस फळ्यावर हे वाक्य लिहिलं.

लबऱ्या गुंफडीने काल धाखेत दोन टिंबुळे चुरकले.

आणि खाली प्रश्न. गुंफडीने काय चुरकले? किती चुरकले? कुठे चुरकले? गुंफडी कशी होती? सगळ्या वर्गाने धडाधड उत्तरं दिली, दोन टिंबुळे, धाखेत, लबऱ्या. पैकीच्या पैकी. मग मी विचारलं टिंबुळे म्हणजे काय रे, तर वर्ग शांत आणि मग एकदम हशा. या वाक्यातल्या एकाही नामाला अर्थ नाही, मीच बनवलेत. वर्कबुकचे बहुतेक सगळे प्रश्न असेच निघाले, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उतरवायचा. तो शोधायचा खेळ आहे, त्याला पोरं तयार होतात आणि आपण त्याला आकलन म्हणतो. आपल्या घटक चाचणीच्या पेपरातही हेच असतं, मीही इतकी वर्षं असेच प्रश्न काढत आले.

रिकाम्या जागांचंही बघा. "आईने बाजारातून ताजी ____ आणली", खाली पर्याय भाजी, आंबे, फळ. ताजी आणि आणली या दोन शब्दांनीच उत्तर सांगून टाकलं, कानाला जे बरं लागेल ते पोरगं भरतं, उतारा वाचायची गरजच नाही. मराठीत लिंगावरून क्रियापद बदलतं त्यामुळे अशी रिकामी जागा काढताना फार जपावं लागतं, सगळे पर्याय एकाच लिंगाचे आणि एकाच वचनाचे घ्यावे लागतात. वर्कबुकमध्ये ते कुठेच पाळलेलं नाही. छपाई चांगली, चित्रं चांगली, कागद जाड, पण ज्या कामासाठी घेतलं ते काम होत नाही. दीड स्टार, तोही चित्रांना, कारण चित्रवर्णनाला मी ती खूप वापरली.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानातलं मिनिटाला शब्द मोजण्याचं प्रकरणही इथेच सांगते. २०२१ ला ते अभियान आलं, तिसरीच्या अखेरीला मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य. आता कागदावर "अर्थ समजून" हे शब्द आहेत पण मोबाईलच्या स्टॉपवॉचमध्ये ते मोजता येत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात आपण फक्त ६० मोजतो. पोरांना कळलं की बाई घड्याळ बघतात तर ती आगगाडी सोडतात. शिवाय मराठीचा एक शब्द म्हणजे किती, "घराजवळच्या" हा आपला एक शब्द आणि इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात, त्यामुळे इंग्रजीच्या वेगाशी तुलना करूच नये. वेग बघणं चूक नाहीये, फार हळू वाचणारं पोरगं वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं हे खरंच आहे. पण वेग बघून झाला की लगेच दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी आता आकडा लिहीत नाही.

मग प्रश्न काय विचारायचे. याचा मला सगळ्यात उपयोग झाला तो पर्ल्स नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा, जी २००१ पासून दर पाच वर्षांनी चौथीच्या मुलांची होते. भारत त्यात नाही, पण त्यांनी प्रश्नांचे जे चार प्रकार केलेत ते कोणालाही वापरता येतात. उताऱ्यात सरळ लिहिलेलं शोधणं, थोडा अंदाज करणं, इकडचं तिकडचं जोडून अर्थ लावणं आणि मग उताऱ्याबद्दल स्वतःचं मत देणं. तिथे नुसतं मोठ्याने वाचून भागत नाही म्हणून दक्षिण आफ्रिकेत २०२१ च्या फेरीत चौथीची ८१ टक्के मुलं कुठल्याच भाषेत अर्थासह वाचू शकत नाहीत असं निघालं आणि तिकडे त्यावर मोठी चर्चा झाली. आमच्या वर्कबुकमध्ये पहिला प्रकार सोडून बाकी तिघांचा पत्ता नव्हता.

तर मी असरच्या कागदाला माझा एक दुसरा कागद जोडला. गोष्ट पातळीला जे पोरगं पोहोचलं त्याला हा द्यायचा. पहिला उतारा असा.

"सकाळी आईने छत्री शोधली. छत्री सापडली नाही. तिने पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि ती शेतात निघाली. गंगू दारात उभी होती. 'आज शाळेत जाऊ नको, नाल्यावरचा रस्ता बंद असेल,' आई म्हणाली. दुपारी आई परत आली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. गंगूने चुलीवर पाणी ठेवलं."

पाऊस हा शब्द त्यात कुठेच नाही. प्रश्न चारच. आईने डोक्यावर काय घेतलं? बाहेर काय चालू होतं? तुला कसं कळलं? गंगूने पाणी कशाला ठेवलं असेल?

यातला तिसरा प्रश्न म्हणजे सोनं आहे. पहिल्या प्रश्नाला सगळे पास. दुसऱ्याला एक पोरगं म्हणालं ऊन होतं. मी चूक म्हणणार होते तेवढ्यात विचारलं तुला कसं कळलं, तर म्हणालं आमची माय उन्हात पण छत्री घेते. बरोबरच की. मग शेजारचा म्हणाला, "मंग पायाले चिखल कुठून आला बे?" आणि पहिल्याने उतारा परत हातात घेतला, मनात वाचला, वर बघितलं आणि म्हणालं, "हाव, पाणीच येत असन." मला तरी त्या क्षणी आकलन डोळ्यासमोर घडताना दिसलं, वर्कबुकमध्ये त्याला नुसती फुली मिळाली असती. शेवटच्या प्रश्नाला काही म्हणाले पाय धुवाले, काही म्हणाले चहासाठी, माय कुडकुडत असन म्हणून. कारण देता आलं तर दोन्ही बरोबर धरली.

आणि इथेच ते घोडं अडतं. हीच पोरं, हेच प्रश्न, पण लेखी घेतले तर उत्तरं आली "पाऊस", "पाणी", "माहीत नाही". तोंडी भरभरून बोलणारं ते जुलैतलं शब्द पातळीचं पोरगं लेखीत दहापैकी दोन. त्याला कळत होतं, लिहिता येत नव्हतं आणि प्रमाण भाषेत मांडता येत नव्हतं. आमच्या केंद्रातले एक सर म्हणाले मॅडम परीक्षेत तर प्रमाण भाषाच लागते, आत्तापासून सवय लावा. सवय लावायचीच आहे, मी रोज लावते, पण ज्या दहा मिनिटांत मला समजलं की नाही हे बघायचंय तेव्हा मी लेखन आणि प्रमाण भाषा मध्ये आणली तर मला मिळालेला आकडा नक्की कशाचा हे मलाच कळणार नाही. म्हणून आकलन तोंडीच, पोराच्या बोलीत, मधे टोकायचं नाही, "काऊन" म्हणालं तर "का" म्हण असं त्या वेळी अजिबात सांगायचं नाही. नोंद करताना मी त्याचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवते. ती वही आता माझ्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

अजून एक लक्षात आलं, उतारा कशाबद्दल आहे यावर फार काही ठरतं. पुण्याहून आजीकडे राहायला आलेली एक पोरगी चौथीत आहे, तिला खोळ माहीत नाही, ती उताऱ्यात अडकली आणि बाकीच्यांनी तिला पोतं कोपऱ्यात कसं खोचायचं ते करून दाखवलं. पुढच्या आठवड्यात मी मेट्रोचा उतारा दिला तर तीच एकटी सगळं सांगत होती. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेत सातवी-आठवीच्या मुलांवर हेच दाखवलं होतं, उतारा बेसबॉलचा होता आणि कच्चं वाचणारी पण बेसबॉल माहीत असलेली मुलं बेसबॉल माहीत नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा पुढे गेली. त्यामुळे एका उताऱ्यावरून कोणाला कच्चं ठरवू नका, निदान तीन वेगवेगळ्या विषयांचे घ्या, एक शेताशिवाराचा, एक पोरांनी न पाहिलेल्या ठिकाणाचा, एक माहितीचा. माहितीचे उतारे मी मुंग्या आणि एसटीचं तिकीट यावर केले. तिकिटाचा फार रंगला.

रीड अलाँगबद्दल थोडंच. २०१९ ला बोलो नावाने आलं होतं, आता त्यात मराठी आहे, गोष्टी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही आणि त्यातली दिया नावाची बोलकी मदतनीस पोराचं वाचन ऐकते, अडलं तर शब्द म्हणून दाखवते. परिच्छेद पातळीच्या पाच जणांना मी माझ्या मोबाईलवर आळीपाळीने दिलं आणि मोठ्याने वाचायची लाज त्यांची यानेच गेली. सरावाला चार स्टार. वाचून झाल्यावर गोष्ट सांग म्हणणं हे काम मात्र मी माझ्याकडेच ठेवलं.

वेळेचं विचाराल तर, असरचा कागद पाच मिनिटं आणि माझा कागद आठ-दहा मिनिटं, रोज तीन पोरं, तेव्हा बाकीचे वाचन कोपऱ्यात. तिसरी-चौथी मिळून एक फेरी जेमतेम अकरा-बारा शाळेच्या दिवसांत होते, वर्षात तीन फेऱ्या झाल्या. दर वेळी उतारा नवा हवा, कारण पोरं जुना पाठ करून येतात आणि घरी धाकट्यालाही सांगतात. चाळीस पटाच्या वर्गात हे असंच्या असं जमणार नाही हे मला कळतं, तिथे निदान असरमध्ये गोष्ट पातळीला आलेल्यांना तरी "तुला कसं कळलं" विचारा.

एप्रिलच्या फेरीत तिसरीच्या १७ पैकी ११ गोष्ट पातळीला होती आणि त्यातल्या ७ जणांना "कसं कळलं" याचं उत्तर देता आलं. मी दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून दिले, तक्त्यात रकाना नव्हता म्हणून शेवटी पेनाने आखला. ती घडाघडा वाचणारी पोरगी या सातांत नाहीये अजून. पण शेवटच्या उताऱ्याला ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मॅडम, हे मले समजलं नाई, परत वाचू का?" वर्षभरात ती वाचताना पहिल्यांदा स्वतःहून थांबली. मी वहीत तारीख टाकून ते लिहून ठेवलंय.

माझे सहा उतारे तयार आहेत, कोणाला हवे असतील तर देते, फक्त तुमच्या भागातले शब्द घालून बदलून घ्या, खोळ नसेल तिथे इरलं घाला. आणि मला एक मदत हवीये. मेळघाटात कोरकू मुलांसोबत कोणी तोंडी आकलन घेतलं असेल तर उत्तरं त्यांच्या भाषेत कशी ऐकता आणि कशी नोंदवता ते सांगा, कारण जूनमध्ये आमच्या तिसरीत दोन पोरं तिकडून येणारेत आणि मला कोरकूचा एक शब्द येत नाही.